स्लाइडवरून शब्द गायब करा, मग मुलांना लिहायला लावा

वर्गात प्रोजेक्टर असला की बहुतेक वेळा शब्दांची यादी स्क्रीनवर लावली जाते आणि मुलं ती बघून वहीत उतरवतात. वही छान दिसते, पण दुसऱ्या दिवशी तेच शब्द डिक्टेशनला घातले की ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ परत सुरू, कारण समोर बघून लिहिताना शब्द आठवावाच लागत नाही. म्हणून लिहायच्या वेळी शब्द स्क्रीनवर नसला पाहिजे, एवढं तरी नक्की पाळा.

एका शब्दाला तीन स्लाइड घ्या. पहिलीवर फक्त तो शब्द, मोठ्ठा, शेवटच्या बाकावरून दिसेल असा. मुलांनी तो मोठ्याने वाचायचा आणि चुकण्यासारखी जागा कुठली ते त्यांनीच सांगायचं, म्हणजे 'वीट' असेल तर वेलांटी दुसरी. मग कोरी स्लाइड, आता लिहा. तिसरीवर परत शब्द, प्रत्येकाने आपलं आपण अक्षर न् अक्षर ताडून बघायचं आणि चुकलं असेल तर नुसती वेलांटी खोडायची नाही, अख्खा शब्द पुन्हा लिहायचा. तीन-तीन स्लाइड बनवायचा कंटाळा येत असेल तर पॉवरपॉइंटचा स्लाइडशो चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबा, स्क्रीन काळी होते, परत दाबलं की शब्द हजर. आणि प्लीज स्लाइड आपोआप पुढे जायचं टायमिंग लावू नका, हळू लिहिणारी मुलं अर्ध्यात राहतात आणि मग हळूहळू लिहायचंच सोडून देतात.

शब्द कसेही गोळा करू नका, एका नियमाचे एकत्र घ्या. फूल, मूल, वीट, तूप. पुढच्या स्लाइडवर एकेका क्लिकला समोर फुलाला, मुलाने, विटेवर, तुपात असं येऊ द्या, बदललेलं अक्षर वेगळ्या रंगात, आणि तुम्ही गप्प राहा. काय बदललं एवढंच विचारा, दीर्घाचं ऱ्हस्व झालं हे कोणीतरी सांगतंच, आणि पोरांनी स्वतः शोधलेला नियम त्यांच्या जास्त लक्षात राहतो. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ऱ्हस्वच राहतात, ते त्याच दिवशी मधे घुसवू नका. लहान वर्गात 'चुकीचा शब्द ओळखा' वाली स्लाइडही मला पटत नाही, एवढ्या मोठ्या अक्षरात चुकीचं रूप कशाला डोळ्यांसमोर ठेवायचं?

अक्षराचं वळण शिकवताना तयार अक्षर दाखवून भागत नाही, हात कुठून सुरू होतो ते दिसायला हवं. स्लाइडशोमध्ये कंट्रोल आणि पी दाबलं की पेन मिळतो, त्याने सगळ्यांसमोर गिरवा.

वाक्यं लिहून घ्यायची असतील तर एकच चित्र लावा आणि प्रश्न एकेक करून आणा: कोण आहे, काय करतंय, आता पुढे काय होईल? शेवटच्या प्रश्नाला चित्रसुद्धा काढून टाका, तिथून पुढचं मुलांच्या डोक्यातून येऊ दे.

फॉन्ट युनिकोडच घ्या आणि फाइल वर्गातल्या कॉम्प्युटरवर आधी एकदा उघडून बघा, जुन्या पद्धतीचा फॉन्ट तिथे नसेल तर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. झालेले शब्द डिलीट करू नका, पुढच्या आठवड्याच्या फाइलमध्ये क्रम बदलून मधेमधे टाका, आणि त्यांची पहिली स्लाइड वगळून थेट कोऱ्या स्लाइडवर शब्द नुसता बोलून लिहायला सांगा.