विधेयक मंजूर झाल्यावर धावपळ करू नका: विधिमंडळाकडे दाद मागताना या चुका टाळा

अधिवेशन जवळ आलं की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हाधिकारी कार्यालयांसमोर निवेदनांची रीघ लागते. केळी उत्पादक येतात, पतसंस्थांचे ठेवीदार येतात, अंगणवाडी सेविका येतात, सातपुड्यातल्या वनहक्क समित्या पायपीट करून येतात. मागणी रास्त असते, माणसं तळमळीने आलेली असतात, तरी बरेचसे कागद नुसत्या पोचपावतीवर संपतात. चुकलेली असते ती वेळ, नाहीतर दार. जळगावचे ११, धुळ्याचे ५ आणि नंदुरबारचे ४ असे खानदेशातून २० आमदार विधानसभेत जातात. चोपड्याचे अरुणभाई गुजराथी तर १९९९ ते २००४ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे सभागृह आपल्याला परकं नाही. त्याचं कामकाज मात्र गावपातळीवर फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि त्यामुळे चांगल्या सूचना वाया जातात याचं मनापासून वाईट वाटतं.

विधेयक लागतच नाही तिथे कायदा मागणं

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या मागणीचा निर्णय नक्की कोण घेतं? केळीच्या हवामान आधारित फळपीक विम्यात तापमानाचे, वाऱ्याचे निकष शासन निर्णयाने, म्हणजे जीआरने ठरतात. त्यासाठी 'विधानसभेत कायदा करा' म्हणून मोर्चा नेला तर कृषी विभागाच्या दाराशी लावायची ताकद भलतीकडे खर्च होते. कापसाचं आयात शुल्क, हमीभाव, रेल्वेचा थांबा हे विषय दिल्लीचे. बाजार समित्या, ग्रामपंचायती, पोलीस, जमीन महसूल हे राज्याचे.

राज्याच्या विषयातही प्रत्येक गोष्ट विधेयकाने होत नाही. धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. जमीन महसूल संहितेने सरकारला तसा अधिकार दिला आहे, त्यामुळे ते काम अधिसूचनेवर झालं. उलट, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव द्यायचं तर कायद्यातच दुरुस्ती करावी लागली, कारण विद्यापीठांची नावं विद्यापीठ कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेली आहेत. मागणी एकाच तऱ्हेची वाटली तरी वाटा वेगळ्या असतात. तालुक्याला जाऊन एखाद्या वकिलाला एवढं विचारून घेतलं तरी पुढचे सहा महिने वाचतात.

विधेयकाची प्रत न वाचता बातमीवर विसंबणं

मंत्रिमंडळाने मान्यता दिली की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, 'नवा कायदा होणार'. तिथून कायदा होईपर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात. आधी मंत्री विधेयक पुरःस्थापित करतात, म्हणजे सभागृहात मांडतात. मग 'विधेयक विचारात घेण्यात यावे' असा प्रस्ताव येतो आणि त्यावर मूळ धोरणाची चर्चा होते. त्यानंतर खंडशः विचार होतो, म्हणजे एकेक कलम आणि त्यावरच्या सुधारणा मताला टाकतात. शेवटी 'विधेयक संमत करण्यात यावे' हा प्रस्ताव. हे सगळं एका सभागृहात झालं की दुसऱ्या सभागृहात पुन्हा.

आपल्या हातातली वेळ आहे ती पुरःस्थापना आणि खंडशः विचार यांच्या मधली. बारं द्यायची वेळ गेल्यावर पाट फोडून पीक येत नाही, तसंच विधेयक संमत झाल्यावरच्या निवेदनाचं होतं. ही मधली फट कधी काही दिवसांची असते, कधी त्याहून कमी. मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारं विधेयक २० फेब्रुवारी २०२४ रोजी बोलावलेल्या एकाच दिवसाच्या विशेष अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. अशा वेळी आधीपासून तयारी नसेल तर काहीच करता येत नाही.

विधेयकाची प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. ती उघडलीत की आधी शेवटची पानं वाचा. तिथे 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. सरकारला हा कायदा का हवा आहे ते त्यात साध्या भाषेत सापडतं. वित्तीय ज्ञापनात खर्च किती येईल ते असतं. मग कलमांकडे वळा. दुरुस्ती विधेयक असेल तर मूळ कायदा शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही, कारण त्यात नुसतं 'अमुक कलमातील अमुक शब्दांऐवजी' असंच लिहिलेलं असतं.

विधेयक संयुक्त समितीकडे, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या समितीकडे, गेलं तर ती संधी सोडूच नका. बेकायदा कृत्यं करणाऱ्या संघटनांवर कारवाईसाठी आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाचं उदाहरण बघा. जुलै २०२४ मध्ये ते मांडलं गेलं, पुढे विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं. विधानसभेपुढे प्रलंबित असलेलं विधेयक त्या विधानसभेबरोबरच संपतं, हा राज्यघटनेचा नियम आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला ते पुन्हा मांडावं लागलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आल्या, मसुद्यात बदल झाले, आणि १० व ११ जुलै २०२५ रोजी दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. तुम्ही त्या कायद्याच्या बाजूचे असा की विरोधातले, नागरिकाचा कागद थेट मसुद्यापर्यंत पोचतो तो याच टप्प्यावर.

आमदाराला फक्त 'विरोधात मत टाका' असं सांगणं

'भाऊ, काही झालं तरी या बिलाच्या विरोधात मत टाका.' संपर्क कार्यालयात हे वाक्य नेहमी ऐकू येतं. सत्ताधारी पक्षाच्या आमदाराला हे सांगून उपयोग होत नाही. पक्षाने व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला असेल आणि त्याविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर घटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली आमदारकी जाऊ शकते. १९८५ पासूनचा हा पक्षांतरबंदी कायदा आहे. त्यामुळे मताच्या दिवशी आमदाराच्या हातात फार थोडं उरतं.

त्याआधी मात्र बरंच असतं. आमदार पक्षाच्या बैठकीत बोलू शकतो, मंत्र्यांना भेटू शकतो, विधेयक समितीकडे पाठवा अशी मागणी करू शकतो, आणि कलमाला सुधारणा सुचवू शकतो. सुधारणेची सूचना आधी लेखी द्यावी लागते. म्हणून आमदाराकडे जाताना भावना आणि घोषणा यांच्याबरोबर तयार मजकूरही न्या. उदाहरणार्थ: 'खंड ५ मधील "पंधरा दिवस" या शब्दांऐवजी "तीस दिवस" हे शब्द दाखल करण्यात यावेत.' खाली तीन ओळींत कारण, आणि तुमच्या तालुक्यातला एक खरा दाखला. दाखल्याशिवायचं भाषण सभागृहात टिकत नाही. धडगावच्या माणसाला अपिलासाठी नंदुरबारला यायला घाट उतरून किती वेळ आणि किती भाडं लागतं, हे मुंबईत बसून मसुदा लिहिणाऱ्याला कसं कळणार? ते सांगणं तुमचं काम. विरोधी पक्षाच्या आमदारालाही तोच कागद द्या. सुधारणा फेटाळली गेली तरी मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि त्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन कार्यवाहीत राहतं. पुढे त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे.

'आमच्या आमदाराने कुणाला मत दिलं?' हे चुकीच्या जागी शोधणं

विधेयकं सहसा आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी 'होय' म्हणावं, विरोधात असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. मग 'होयचे बहुमत' असं जाहीर होतं. यात कुणाचंही नाव नोंदलं जात नाही. त्यामुळे 'आपल्या आमदाराने बिलाला पाठिंबा दिला' असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरला तर पुरावा मागा. नावानिशी नोंद होते ती सदस्यांनी मतविभाजन, म्हणजे बाजूची आणि विरोधातली मतं वेगळी मोजणं, मागितलं आणि ते झालं तर. जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावाला शिरगणती झाली, म्हणून १६४ विरुद्ध ९९ हा आकडा आपल्याला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१४ च्या विश्वासदर्शक ठरावाला आवाजी मतदान झालं आणि विरोधकांचा मोठा आक्षेप होता तो यावरच.

महत्त्वाच्या विधेयकावर भूमिका नोंदली जावी असं वाटत असेल तर आमदारांना मतविभाजन मागायला सांगा. ते होत नसेल तर निदान भाषण करायला सांगा. छापील कार्यवाहीत भाषण शब्दशः येतं, आणि पाच वर्षांनी मत मागायला आले की ते पान समोर ठेवता येतं.

टीव्हीवर रिकामी बाकं दिसली म्हणून विधेयक बेकायदा ठरत नाही. एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे २८८ पैकी २९ सदस्य असले की विधानसभेचा कोरम पुरा होतो, आणि निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. घाईत, चर्चेविना मंजूर झालं एवढ्याच मुद्द्यावर कोर्टात जाऊ नका. कार्यपद्धतीतल्या अनियमिततेवरून विधिमंडळाच्या कामकाजाला आव्हान देता येत नाही, असं अनुच्छेद २१२ सांगतो. कायद्याचा आशय आणि राज्याचा अधिकार तपासला जातो. २०१८ चा मराठा आरक्षण कायदा ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही तो अशाच मुद्द्यांवर.

निलंबन आणि अपात्रता यांतही गल्लत होते. जुलै २०२१ मध्ये १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले, त्यात जामनेरचे गिरीश महाजन आणि शिंदखेड्याचे जयकुमार रावल होते. त्यांची आमदारकी गेली नव्हती. मात्र सभागृहात बसायला आणि मत द्यायला ते नव्हते, म्हणजे तेवढे दिवस त्या दोन मतदारसंघांचा आवाजही तिथे नव्हता. त्या अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी सांगितलं.

विधान परिषदेला विसरणं

विधानसभेत मंजूर झालं की लोक हात टेकतात. ७८ जणांची विधान परिषद बाकी असते. नाशिक विभागाचे पदवीधर आणि शिक्षक आमदार जळगाव, धुळे, नंदुरबारचेही आहेत. शिवाय जळगाव, आणि धुळे-नंदुरबार असे स्थानिक प्राधिकारी संस्थांचे मतदारसंघ आहेत. शाळा, ग्रामपंचायत, नगरपालिका यांच्याशी संबंधित विधेयक असेल तर या सदस्यांना भेटा. परिषद विधेयक कायमचं अडवू शकत नाही, पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवल्यावर एक महिना, एवढंच तिच्या हातात आहे. धन विधेयकाला, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकाला, तर फक्त १४ दिवस. राज्यात संसदेसारखी संयुक्त बैठकही नाही. तरीही सुधारणा सुचवायला ही दुसरी खरी संधी आहे.

अध्यादेशालाच कायदा समजणं

अधिवेशन नसताना राज्यपाल अध्यादेश काढतात. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो संपतो. जादूटोणाविरोधी अध्यादेश ऑगस्ट २०१३ चा, आणि दोन्ही सभागृहांनी कायदा केला त्याच वर्षी डिसेंबरात. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात बाईला डाकीण ठरवून छळतात, तिथे हा कायदा जिवाचा आधार आहे. तो डिसेंबरात झाला नसता तर संरक्षणच गळून पडलं असतं. सरपंच निवडीचंही बघा. २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२ मध्ये परत थेट. २०२० मध्ये राज्यपालांनी अध्यादेशावर सही न करता विधिमंडळात या असं सुचवलं, आणि सरकारला विधेयक आणावं लागलं. गावात पॅनल बांधण्याआधी यातला कोणता टप्पा चालू आहे ते पाहत जा.

मंजूर म्हणजे लागू असं धरून चालणं

दोन्ही सभागृहांनंतर राज्यपालांची संमती लागते, काही वेळा राष्ट्रपतींची. महाराष्ट्र प्राणी संरक्षण सुधारणा विधेयक १९९५ मध्ये मंजूर झालं, राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. महिलांवरील अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं, पण लागू झालंच नाही. आणि संमतीनंतरही थांबावं लागू शकतं. रोजगार हमी कायदा १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. विद्यापीठ कायदा २०१६ चा, अंमल १ मार्च २०१७ पासून. म्हणून पोलीस ठाण्यात किंवा तहसीलला कलम सांगण्याआधी राजपत्रातली अंमलाची तारीख काढा.

नंदुरबार जिल्ह्याच्या बऱ्याच भागात, साक्री-शिरपूरच्या काही भागात, आणि चोपडा, यावल, रावेरच्या काही गावांत आणखी एक गोष्ट बघायची. हे अनुसूचित, म्हणजे आदिवासींसाठी घटनेखाली जाहीर झालेलं, क्षेत्र आहे. राज्याचा एखादा कायदा तिथे लागू होणार नाही किंवा बदल करून लागू होईल, असा आदेश राज्यपाल घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली काढू शकतात. ग्रामसभांनी अशी मागणी ठराव करून राज्यपालांकडे जरूर पाठवावी. या अधिकाराची आठवण आपल्याकडे फार कमी ठेवली जाते.

विधेयकाच्या वेळी उशीर झालाच तर कायद्याखालचे नियम पाहा. शुल्क किती, अर्ज कोणाकडे, मुदत किती, हे बहुतेक नियमांतच ठरतं. कायद्यात 'पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून' असे शब्द असतील तर नियमांचा मसुदा आधी राजपत्रात येतो आणि हरकती मागवल्या जातात. हरकत कोणत्या अधिकाऱ्याकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायची ते त्या मसुद्यातच छापलेलं असतं. टपालावर सोडू नका. मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या, शिक्क्याची पोच घ्या, आणि तीच प्रत आमदाराच्या कार्यालयातही ठेवा.