दोन बटणांच्या स्विचला हात लावण्याआधी

खानापूर किंवा निपाणीच्या शाखेत नेटवर्कचा स्विच (संगणकांना एकमेकांशी जोडणारी पेटी) बिघडला म्हणून बेळगावहून निघायचं असेल आणि तो ज्युनिपरचा ईएक्स ४२०० असेल, तर गाडीला किल्ली लावण्याआधी शाखेत फोन लावा. या स्विचच्या तोंडावर दोन ओळींचा छोटा पडदा असतो, शेजारी मेन्यू आणि एंटर ही दोन बटणं. बटणांना हात न लावता शाखेतल्या शिपाईमामांकडून पडदा नुसता वाचून घ्यायचा.

"मामा, वरच्या ओळीत काय दिसतंय?"

"शून्य शून्य, मग आर, ई. पुढं आपल्या शाखेचं नाव हाय साहेब."

"आणि खाली?"

"एलईडी एसपीडी. अलार्म शून्य एक."

आरई म्हणजे मुख्य स्विच, एसपीडी म्हणजे पोर्टचे दिवे वेग दाखवतायत. म्हणजे स्विच जिवंत आहे आणि एकच अलार्म आहे. एएलएम लिहिलेला दिवा लाल की पिवळा, तेही विचारा. मॅनेजमेंट पोर्टची (स्विच सांभाळण्यासाठीच्या वेगळ्या पोर्टची) केबल निघाली तरी लाल लागतो, तेवढ्यासाठी कुणी घाट उतरायला नको. रेस्क्यू कॉन्फिगरेशन, म्हणजे अडचणीत परत आणायची चांगल्या सेटिंगची प्रत, जतन केलेलं नसेल, तर ज्युनॉसच्या (स्विचमधल्या सॉफ्टवेअरच्या) बऱ्याच आवृत्त्यांत पिवळा लागतो.

ते जतन करणं ही खरी तयारी. सगळं सुरळीत चालू असतानाच लॉगिन करून 'रिक्वेस्ट सिस्टम कॉन्फिगरेशन रेस्क्यू सेव्ह' ही कमांड देऊन ठेवा. पडद्यावरच्या मेंटेनन्स मेन्यूतला 'लोड रेस्क्यू' हेच कॉन्फिगरेशन परत आणतो. जतनच केलेलं नसेल तर आणणार काय? शिवाय एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. आयपी, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्कं) आणि कुठल्या पोर्टात कुणाची केबल, हे कागदावर. खानापूरच्या पावसात कागद प्लास्टिकच्या पिशवीतच टिकतो, एवढं ध्यानात असू द्या.

त्याच मेन्यूत 'फॅक्टरी डिफॉल्ट'ही बसलाय. मेन्यूनं एकेक पर्याय पुढे सरकतो आणि एंटरनं पक्का होतो, त्यामुळे मोजणी चुकली की शाखेचा अख्खा सेटअप पुसला. एंटर दाबण्याआधी पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचा. लाज वाटली तरी वाचा.

नवा किंवा पुसलेला स्विच उभा करायचा असेल तर लॅपटॉप, नेटवर्क केबल आणि चार्ज झालेला यूपीएस जवळ हवा. केबल शून्य नंबरच्या पोर्टात, मग पडद्यावरून ईझीसेटअप (पहिल्या मांडणीचा पर्याय), ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१. मुदत १० मिनिटांची. तेवढ्यात लाईट गेली की पहिल्यापासून. म्हणून नाव, पासवर्ड, आयपी आधीच लिहून न्या, तिथं बसून ठरवू नका.

एक काम परतताना. रॅक उघडा असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याचं बोट बटणांवर जाणारच. 'सेट चॅसिस एलसीडी-मेन्यू'खाली अख्खा मेंटेनन्स मेन्यू बंद करता येतो, किंवा नको असलेला पर्याय तेवढाच. मी फॅक्टरी डिफॉल्ट बंद करतो आणि हॉल्ट (स्विच नीट थांबवण्याचा पर्याय) चालू ठेवतो. बटणांच्या वर मराठी आणि कन्नड चिठ्ठ्या चिकटवतो. यूपीएस संपत आला की मामांनी पिन उपटण्यापेक्षा फोनवर विचारून हॉल्ट दाबलेला बरा. मात्र हॉल्टनंतर स्विच आपणहून उठत नाही. लाईट आल्यावर पिन एकदा काढून परत लावायला त्यांना सांगून ठेवा.