प्रादेशिक मॉडेलला ओझोनच्या सीमा देताना या चुका टाळा

डब्ल्यूआरएफ-केम हे हवामान आणि हवेतल्या रसायनांचा अंदाज देणारं प्रादेशिक मॉडेल चालवणारे मदत मागायला येतात तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ओझोन जुळत नाही, उत्सर्जनाचे आकडे बदलू का? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी सीमा दाखवा, म्हणजे मॉडेलच्या चौकोनाच्या कडांवर बाहेरून येणाऱ्या हवेचे दिलेले आकडे. शहराच्या धुरातून ओझोन तयार व्हायला ऊन लागतं, काही तास लागतात. कडेवरून आत येणारा ओझोन मात्र आयता येतो आणि जमिनीपासून वर गेलं की काही आठवडे टिकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक एककांची. कॅम्स या युरोपीय वातावरण-सेवेचा जागतिक अंदाज ओझोन वस्तुमानाच्या प्रमाणात देतो, किलोला किलो. जागतिक आकडे सीमेच्या फाईलमध्ये भरणारं साधन, मोझबीसी, मात्र आलेला आकडा रेणूंच्या प्रमाणातला आहे असं धरून त्याला दहा लाखांनी गुणतं आणि पीपीएम (दहा लाखांत किती भाग) म्हणून तिथे लिहितं. मधली पायरी, म्हणजे हवा आणि ओझोनच्या रेणुभारांच्या गुणोत्तराने, २८.९७ भागिले ४८ ने गुणणं, राहून गेली की ओझोन सरसकट १.६६ पट होतो. चूक हजारपट असती तर पहिल्याच नकाशात दिसली असती. ४० पीपीबीचे (अब्जात किती भाग) ६६ झाले तर कुणाला संशय येत नाही, कारण उन्हाळ्यात ६६ दिसतातच.

एका गटाचं पश्चिम भारताचं डोमेन, म्हणजे मॉडेलचा चौकोन, असंच बिघडलं होतं. ओझोन जास्त दिसतोय म्हणून त्यांनी वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड कमी केले. त्याने शहरातला ओझोन उलट वाढला, कारण ताजा नायट्रिक ऑक्साइडच तिथे ओझोन खात असतो. मग सेंद्रिय वायूंना कात्री लावली. रनमागून रन वाया गेले. मी त्यांना अरबी समुद्रावरच्या पश्चिम कडेचा जुलैचा उभा छेद, म्हणजे उंचीनुसार ओझोन दाखवणारं चित्र, काढायला लावला. त्या दिवसांत नैर्ऋत्य वारा हिंदी महासागरावरून स्वच्छ हवा आणतो, पृष्ठभागाजवळ ओझोन २० पीपीबीच्या आसपास असायला हवा. तिथे ३० होता, आणि भर समुद्रात दोष द्यायला एकही वाहन नव्हतं. जागतिक फाईलमधले आकडे नीट बदलून शेजारी मांडले, तर प्रत्येक पातळीवर गुणोत्तर तेच: १.६६. उत्सर्जनात काहीच चुकलं नव्हतं.

म्हणून माझी सवय: रन सोडण्याआधी चारही कडांचे उभे छेद काढायचे, जागतिक फाईलशेजारी ठेवायचे आणि डोळ्यांनी बघायचे. स्क्रिप्ट नंतर लिहा. ‘रन पूर्ण झाला’ हा संदेश सीमा बरोबर असल्याचा पुरावा नव्हे, हे नवख्यांना पुन:पुन्हा सांगावं लागतं.

दुसरी चूक घाईची: रासायनिक सीमा वाचण्याचा पर्याय बंद ठेवायचा आणि मॉडेलमध्ये आधीपासून असलेल्या ठरावीक प्रोफाइलवर, म्हणजे उंचीनुसार ठरवून ठेवलेल्या आकड्यांवर, भागवायचं. त्या प्रोफाइलला ऋतूच नाही. हिवाळ्यात उपखंडाची प्रदूषित हवा ईशान्य वाऱ्यांबरोबर समुद्रावर पसरते. १९९९ च्या इंडोएक्स या हिंदी महासागरावरच्या हवेच्या मोहिमेने ती मोजली आहे. पावसाळ्यात वारा फिरतो आणि तीच कडा स्वच्छ होते. दोन्हींना एकच प्रोफाइल लावलं तर कोकण किनाऱ्यावरचे आकडे वर्षातून एकदा तरी चुकणारच. चाचणीपुरतं ठीक आहे, अंदाजासाठी अजिबात नाही.

‘रिअल’ हा मॉडेलची सुरुवात आणि सीमा तयार करणारा प्रोग्रॅम पुन्हा चालवलात की सीमा फाईल नव्याने लिहिली जाते आणि मोझबीसीने भरलेलं सगळं जातं; दोन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये, याच क्रमाने ठेवा. कालच्या रनमधून सुरुवातीची स्थिती उचलत असाल तरी आजच्या सीमा भराव्याच लागतात. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतच ठेवा, भारतीय वेळेशी साडेपाच तासांचा घोळ फार वेळा पाहिला आहे. फक्त ओझोन देऊन थांबू नका, कार्बन मोनॉक्साइड, पॅन (नायट्रोजन ऑक्साइड दूरवर वाहून नेणारं संयुग) आणि नायट्रोजन ऑक्साइडही त्याच स्रोतातून घ्या. डोमेनची कड शहराला चिकटवू नका.

छताकडे तर कुणी बघतच नाही. मॉडेलचा माथा ५० हेक्टोपास्कलवर असेल तर तिथे ओझोन पीपीएममध्ये मोजावा लागतो, कारण आपल्याकडे तपांबर, म्हणजे वातावरणाचा सगळ्यात खालचा थर, साधारण १०० हेक्टोपास्कललाच संपतं आणि वर ओझोनचा थर सुरू होतो. वरची सीमा मोकळी सोडली आणि वरच्या पातळ्या विरळ ठेवल्या, तर तो ओझोन खाली झिरपतो आणि मधल्या थरात खोटी वाढ दिसते. उत्तर भारतात पश्चिमी विक्षोभांच्या वेळी वरचा ओझोन खरोखरच खाली उतरतो, त्यामुळे खरं-खोटं वेगळं करणं आणखी अवघड होतं. अशा वेळी भारतीय हवामान विभागाच्या पुणे, दिल्ली आणि तिरुवनंतपुरमच्या ओझोनसाँडचे (फुग्याला बांधून सोडलेल्या ओझोनमापकाचे) जुने छेद काढून त्या महिन्याशी ताडून बघा.