सायडरच्या मिठवणीतले पोर्क चॉप

आमच्याकडे वसईत डुकराचं मटण म्हणजे इंद्याल, विंदालूचा सख्खा भाऊ. नाताळच्या दोन दिवस आधी आई ते व्हिनेगर आणि बाटली मसाल्यात (वर्षभरासाठी बाटलीत भरून ठेवलेला आमचा मिश्र मसाला) घालून ठेवायची. कातडी, चरबी सगळं त्यातच. मंद आचेवर तासभर रटरटलं की चरबी रश्श्यात उतरायची. ते मटण कोरडं पडू शकतं हे मला तिशीपर्यंत माहीतच नव्हतं.

ते कळलं मिशिगनला आल्यावर. पहिल्या हिवाळ्यात दुकानातून छान गुलाबी, जाड चॉप आणले, बाटली मसाला चोळला आणि गावच्या हिशोबाने चांगले अर्धा तास तव्यावर ठेवले. बायको एक घास बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "मसाला चांगला लागलाय हो."

दोष मांसाचा नव्हता. अमेरिकेतलं डुक्कर गेल्या काही दशकांत मुद्दाम बारीक केलेलं आहे. १९८७ मध्ये तिथल्या डुक्करपालकांनी 'दुसरं पांढरं मांस' म्हणून जाहिरात सुरू केली, म्हणजे कोंबडीच्या पंगतीत नेऊन बसवलं. पाठीच्या भागाला, ज्याला लोइन म्हणतात, आता आतून चरबी जवळजवळ नसतेच. असं मांस जरा जास्त शिजलं की संपलं.

उपाय सांगितला शेजारच्या आजींनी. जन्म डेट्रॉइटच्या बाजूचा, ऑक्टोबर आला की गॅलनभर सायडर आणणाऱ्या. त्यांनी ब्राइन, ब्राइन म्हटलं तेव्हा डोक्यात काही शिरेना. मग त्यांनी बरणीत मीठपाणी ढवळून दाखवलं आणि एकदम उजेड पडला: अहो, ही तर मिठवणी! आई कैऱ्या घालायची तीच. फक्त इथे कैरीच्या जागी चॉप, आणि महिन्यांच्या जागी तास.

आता आधी सायडर म्हणजे काय ते नक्की करून घ्या, कारण इथेच निम्मे लोक फसतात. अमेरिकेत नुसतं सायडर म्हटलं की सफरचंदं सालीसकट ठेचून, दाबून काढलेला, न गाळलेला, गढूळ तपकिरी रस. दारू नाही. दारू असेल तर त्याला हार्ड सायडर म्हणतात. इंग्लंडात मात्र सायडर मागाल तर दारूच मिळेल. आणि भारतात 'ॲपल सायडर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वजन कमी करायच्या व्हिनेगरची बाटली येते. माझ्या वहिनीने फोनवरून कृती घेतली आणि अर्धा लिटर व्हिनेगर ओतलं. दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला: चॉप कडेने राखाडी, उकडलेल्या अंड्यासारखे. आंबट तर इतके की दादाने त्यांचं इंद्याल करून टाकलं. तेवढं बरं झालं.

आमच्या भागात सायडरच्या गिरण्याच आहेत. डेट्रॉइटच्या वायव्येला फ्रँकलिन गावात एक आहे, १८३७ सालची. आधी धान्य दळायची, मग सफरचंदांकडे वळली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही. लोक सायडर आणि गरम डोनट घेऊन थंडीत उभे असतात. तुमच्याकडे गिरणी नसेल तर न गाळलेला, साखर न घातलेला सफरचंदाचा रस चालेल. खोक्यातला स्वच्छ रस असेल तर लिंबू पिळा, कारण त्याला गोडी असते पण धार नसते. घेताना बाटलीवर पाश्चराइज्ड, म्हणजे तापवून जंतू मारलेलं, आहे का पाहा. १९९६ मध्ये अमेरिकेत कच्च्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या जंतूची मोठी लागण झाली होती, त्यानंतर नियम कडक झाले. गिरणीवर कच्चा रसही मिळतो, पण घरात लहान मुलं असतील तर मी तो आणत नाही.

मांस

हाडासकट रिब चॉप, म्हणजे बरगडीकडचे लोइनचे काप, निदान सव्वा इंच जाड. पातळ चॉपला मिठवणी देऊ नका, ते आत मुरेपर्यंत बाहेरून खारट होतात आणि तव्यावर दोन मिनिटांत शिजून जातात. चार चॉपचं वजन साधारण सव्वा किलो भरतं.

खांद्याचं मांस किंवा पोटाकडचं चरबीचं मांस असेल तर हा लेख मिटा आणि इंद्याल करा. त्यांना मिठवणीची गरज नाही.

पाकिटावरची बारीक अक्षरं नक्की वाचा. 'अमुक टक्के द्रावण घातलेले' असं लिहिलेलं असेल तर कारखान्यातच त्यात मीठपाणी टोचलेलं असतं. मी एकदा चष्मा न लावता असं पाकीट आणलं आणि वरून पुन्हा मिठवणीत घातलं. पाहुणे पाणी पीत राहिले. आता मी खाटकाकडून सुटंच घेतो.

मिठवणी

सायडर अर्धा लिटर, थंड पाणी पाव लिटर, बर्फ पाव किलो, मीठ ५० ग्रॅम. म्हणजे एक लिटरला ५ टक्के.

मीठ वजनानेच घ्या. अमेरिकन कृतीत 'एक कप मीठ' लिहिलेलं असतं आणि तिथे सगळा घोटाळा आहे. साध्या बारीक मिठाचा एक कप २९० ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि पापुद्र्यासारख्या हलक्या कोशर मिठाचा एक कप १४० ग्रॅमच्या आसपास. कोशर मिठातही दोन कंपन्यांच्या कपात जमीन-अस्मानाचा फरक. लिहिणाऱ्याच्या मनात एक मीठ, तुमच्या डब्यात दुसरं, की चॉप दुप्पट खारट. वीस डॉलरचा वजनकाटा आणला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

साखर मी घालत नाही. बहुतेक अमेरिकन कृतींत वरून ब्राउन शुगर असते, पण अर्ध्या लिटर सायडरमध्ये स्वतःचीच पन्नासेक ग्रॅम साखर असते. आणखी घातली तर तव्यावर मांसाआधी साखर जळते.

मसाले: दहा-बारा मिरे, चार लवंगा, बोटभर दालचिनी, दोन तमालपत्रं, चार लसूण पाकळ्या ठेचून, आल्याचा एक तुकडा. कुटलेला मसाला यात घालू नका, तो तळाला जाऊन बसतो आणि वाया जातो. बाटली मसाल्याची पाळी नंतर.

निम्मं सायडर, मीठ आणि खडे मसाले एका स्टीलच्या पातेल्यात घाला, मीठ विरघळेपर्यंत तापवा, पाचेक मिनिटं उकळू द्या. ॲल्युमिनियमचं पातेलं नको. आंबट आणि खारट दोन्ही त्याला खातं, आणि मग तेच आपण खातो. आपल्याकडे बिनकल्हईच्या पितळेत कढी करत नाहीत, तोच न्याय. आच बंद करून उरलेलं सायडर, पाणी आणि बर्फ ओता. मिठवणी बोट बुडवल्यावर थंडगार लागली पाहिजे. कोमट मिठवणीत मांस घालणं म्हणजे जंतूंना आवतण.

मग काचेच्या खोलगट भांड्यात चॉप मांडा, वरून मिठवणी ओता, वर एक बशी ठेवून बुडवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज ४ सेल्सियस किंवा खाली हवा. नोव्हेंबरात इथले लोक बाहेर गॅरेजमध्ये ठेवतात. दुपारी ऊन पडलं की गॅरेजचं काय होतं ते मी पाहिलंय, मी ठेवत नाही.

सव्वा इंचाच्या चॉपला ४ ते ६ तास. टेंडरलॉइनची, म्हणजे लोइनच्या आतल्या मऊ, लांबट तुकड्याची, बारीक सुरळी असेल तर दोन-तीन तास पुरे. दोन किलोचा अख्खा लोइन रात्रभर, साधारण १२ तास. 'जितकं जास्त मुरेल तितकं चांगलं' हे लोणच्याला लागू आहे, इथे नाही. सायडर आंबट आहे, जास्त वेळ राहिलं तर मांसाची बाहेरची कड भुसभुशीत होते, जिभेला खडूसारखी लागते. सकाळी कामावर जाण्याआधी घालून संध्याकाळी उशिरा आलात तर उशीर झालाच समजा. मी शनिवारी दुपारी घालतो.

आत काय होतं? मीठ हळूहळू मांसात शिरतं आणि तंतूंमधली काही प्रथिनं सैल करतं. ती फुगतात, पाणी धरून ठेवतात, आणि आचेवर तंतू आवळले तरी सगळं पाणी बाहेर पडत नाही. मी एकदा वजन करून पाहिलं: एक चॉप आधी ३१२ ग्रॅम, पाच तासांनी पुसून ३२७. पंधरा ग्रॅम म्हणजे एक मोठा चमचा पाणी. एवढंच, पण घासात कळतं.

मात्र सफरचंदाची चव हाडापर्यंत जाईल ही आशा सोडा. मीठ आत जातं. लवंग, दालचिनी, सफरचंद बहुतांशी बाहेरच्या पातळ थरात राहतात. त्या थरातली साखर तव्यावर सुंदर रंग देते, ते सायडरचं खरं काम. ज्यांना सफरचंद जिभेवर हवं त्यांच्यासाठी शेवटी सॉस आहे.

तव्यावर

चॉप बाहेर काढा, मिठवणी ओतून द्या. उकळून सॉसला वापरायचा मोह होतो. ती खारट असते आणि कच्च्या मांसात राहिलेली असते, नको. चॉप नळाखाली धुऊ नका, कच्च्या मांसाचे शिंतोडे सिंकभर उडतात. कागदी रुमालाने नीट, अगदी हाडाच्या खोबणीतसुद्धा, कोरडे करा. मग जाळीवर ठेवून तासभर उघडेच फ्रिजमध्ये ठेवा. ओला चॉप तव्यावर भाजत नाही, वाफवतो.

भाजायच्या आधी अर्धा-अर्धा चमचा बाटली मसाला चोळा. मीठ आता अजिबात नाही. हात सवयीने डब्याकडे जातो, माझा अजून जातो.

बिडाचा जड तवा, मध्यम आच, दोन चमचे तेल. पूर्ण आचेवर साखर आणि मसाला दोन्ही करपतात. आधी चॉप चिमट्याने उभे धरून चरबीची कड तव्यावर टेकवा, दोन मिनिटांत चरबी पाझरायला लागते. मग प्रत्येक बाजूला तीन मिनिटं. रंग गुळाच्या काकवीसारखा झाला की थांबा. नंतर तवा तसाच २०० सेल्सियसच्या ओव्हनमध्ये, सहा ते दहा मिनिटं.

इथे घड्याळावर नाही, थर्मामीटरवर विश्वास ठेवा. हाडाला न टेकवता मधोमध टोचा. ६० सेल्सियस दिसलं की बाहेर काढा, ताटात ठेवून वर फॉइल सैल टाका. आतली उष्णता आकडा ६३ पर्यंत नेते. पोहोचला का ते पुन्हा टोचून बघा, नाही पोहोचला तर दोन मिनिटं परत आत. २०११ पासून अमेरिकेच्या कृषी खात्याचा आकडाही अख्ख्या तुकड्यांसाठी हाच आहे, ६३ सेल्सियस आणि वर तीन मिनिटं विसावा. त्याआधी तो ७१ होता. खिम्याला अजूनही ७१.

मध्ये फिकट गुलाबी राहील. आपल्या लोकांना ते बघवत नाही. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने चॉप उचलून परत तव्यावर टाकला, काही न बोलता. तिचंही बरोबर होतं. गावाकडे मोकाट फिरणाऱ्या डुकराच्या मांसात फीतकृमी असू शकतात, तिथे ६३ चा नियम लावू नका, पूर्ण शिजवा. मिठवणी दिलेली असेल तर ७१ लाही मांस खाण्यासारखं राहतं, आणि मिठवणीचा खरा फायदा हाच: पाच-सहा अंश चुकलात तरी माफी आहे.

सॉस

चॉप विसावतायत तोवर त्याच तव्यात बारीक चिरलेला अर्धा कांदा परता. तव्याच्या मुठीला फडकं गुंडाळा, ती ओव्हनमधून आलेली असते हे मी तीनदा विसरलोय. एक कप ताजं सायडर ओता, उलथन्याने तळाचं खरवडा आणि आटवत राहा. पाऊण आटलं, बुडबुडे मोठे आणि आळसावलेले झाले की एक चमचा मोहरीचा सॉस, एक चमचा लोणी. चव बघा आणि मगच मिठाचा विचार करा. बहुतेक लागत नाही. मी शेवटी दोन थेंब व्हिनेगर टाकतो, वसईची आठवण म्हणून. वहिनीला हे सांगितलेलं नाही.

सोबत भात नको, सॉस त्यात हरवतो. पाव घ्या किंवा उकडलेले बटाटे.

उरलेलं सायडर फ्रिजमध्ये आठवडाभर बरं राहतं, मग फसफसायला लागतं. मी अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या डब्यांत फ्रीझरला टाकतो, डबा काठोकाठ न भरता, कारण गोठल्यावर ते फुगतं. एका वर्षी भरलेली काचेची बाटली ठेवली होती, फेब्रुवारीपर्यंत फ्रीझरच्या कोपऱ्यात काचा सापडत होत्या.

उरलेला चॉप मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. दुसऱ्या दिवशी थंडच, पातळ काप करून, पावात, मोहरी लावून.