घरविक्री एजंटने ऑनलाइन ओळख कशी उभी करावी?

महाराष्ट्रात घरांच्या व्यवहारात मध्यस्थी करणाऱ्याने ऑनलाइन प्रसिद्धीचा आरंभ छायाचित्रांपासून नव्हे, तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नोंदणीपासून करावा. कारण २०१६च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम ९नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीसाठी एजंटलाही नोंदणी आवश्यक आहे आणि कलम ६२नुसार नियमभंगास दररोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो. हा नोंदणी क्रमांक व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या प्रोफाइलवर आणि प्रत्येक जाहिरातीत ठळकपणे द्यावा. प्रकल्पाचाही महारेरा क्रमांक द्यावाच, शिवाय १ ऑगस्ट २०२३पासून बंधनकारक असलेला क्यूआर कोड जाहिरातीत असल्याची खात्री करावी.

त्यानंतर गूगल बिझनेस प्रोफाइल तयार करावे आणि व्यवहार पूर्ण झालेल्या ग्राहकांना प्रामाणिक अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. विकत घेतलेले अभिप्राय भाषेवरून लगेच ओळखू येतात, असे माझे मत आहे.

खरी मेहनत मजकुरात असते. संपूर्ण पुण्याविषयी बोलण्यापेक्षा कोथरूड किंवा वाकड असा एकच भाग निवडावा आणि तेथील पाणीपुरवठा, पार्किंग, सोसायटीचा मासिक देखभाल खर्च, मेट्रो स्थानकापर्यंतचे चालत जाण्याचे अंतर अशा, खरेदीदार प्रत्यक्ष विचारतो त्या प्रश्नांवर मराठीत छोटे व्हिडिओ करावेत. सदनिकेचे क्षेत्रफळ सांगताना जिना, लॉबी अशा सामायिक जागा धरून काढलेला ‘सुपर बिल्ट-अप’चा फुगवलेला आकडा टाळून चटई क्षेत्रच (कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतील वापरायची जागा) सांगावे. विकली गेलेली सदनिका, केवळ फोन यावेत म्हणून, जाहिरातीत ठेवू नये. ती त्याच दिवशी काढावी.