पडून असलेल्या वस्तू आणि विसरलेली सबस्क्रिप्शन्स यांतून पैसा मोकळा कसा करावा

आवराआवर म्हटली की हात आधी कपाटाकडे जातो. पैसा मोकळा करायचा असेल तर आधी बँकेचं स्टेटमेंट उघडा. कपाटातली वस्तू नुसती पडून असते, सबस्क्रिप्शन मात्र दर महिन्याला पैसे घेऊन जातं.

स्टेटमेंट पूर्ण १२ महिन्यांचं काढा. दोन-तीन महिन्यांचंच पाहिलं तर अँटिव्हायरस, वेबसाइटचं डोमेन अशा वर्षातून एकदाच कापल्या जाणाऱ्या रकमा हमखास निसटतात. क्रेडिट कार्डाचंही तसंच पाहा. नाव अनोळखी दिसलं म्हणून लगेच फसवणूक झाली असं समजू नका. अ‍ॅपचं नाव एक आणि पैसे घेणाऱ्या कंपनीचं दुसरंच, असं पुष्कळदा असतं. ईमेलमध्ये तो नेमका आकडा टाकून शोधलं की बहुतेक वेळा पावती सापडते. मासिक रक्कम १२ने गुणून वहीत मांडा. महिन्याला किरकोळ वाटणारा आकडा वर्षाचा झाला की निर्णय आपोआप होतो.

अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, हा गैरसमज फार महागात पडतो. पैसे कापण्याची परवानगी अ‍ॅपमध्ये नव्हे, तुमच्या अ‍ॅपल किंवा गूगल खात्यात नोंदलेली असते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर टॅप करून ‘सबस्क्रिप्शन्स’ उघडा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधल्या प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा. थेट वेबसाइटवरून घेतलेलं सबस्क्रिप्शन या यादीत दिसत नाही. ते त्याच साइटवर लॉग-इन करून बंद करावं लागतं. रद्द केल्याचा ईमेल जपून ठेवा आणि पुढच्या तारखेला रक्कम कापली गेली नाही ना, हे पाहा. मोफत ट्रायल शेवटच्या दिवसावर ढकलू नका. अ‍ॅपलकडे ती संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावी लागते.

क्लाउड स्टोरेजच्या बाबतीत मात्र घाई नको. आधी फोटो उतरवून घ्या, ते उघडतात का ते तपासा, मगच प्लॅन बंद करा. गूगल खात्यातली जागा मर्यादेबाहेर भरलेली राहिली तर जीमेलवर नवे मेल येणं थांबतं, आणि ही स्थिती २ वर्षं टिकली तर साठवलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं.

आता वस्तू. सुरुवात फोन, टॅब्लेट, कॅमेरा यांच्यापासून करा, कारण नवं मॉडेल आलं की यांची किंमत झपाट्याने उतरते. पुस्तकं, फर्निचर थोडं थांबलं तरी चालतं. जाहिरातींमधले आकडे पाहून भाव ठरवू नका, ती नुसती अपेक्षा असते. तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली ते शोधा. आपण ती कितीला घेतली होती, हे घेणाऱ्याच्या लेखी शून्य.

फोन विकताना क्रम चुकवू नका. बॅकअप घ्या, ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप नव्या फोनवर हलवा, आयक्लाउड किंवा गूगल खात्यातून साइन आउट करा, मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून टाकणं. शेवटी सिम आणि मेमरी कार्ड काढा. साइन आउट न करता रीसेट केलं तर चोरीपासून बचाव करणारं कुलूप तसंच राहू शकतं, मग फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि घेणारा तो परत आणून देतो.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. ओरखड्याचा फोटो जवळून काढून जाहिरातीत टाकाच. पुढची घासाघीस तिथेच संपते. चार्जर, झाकण, मूळ खोका सोबत असेल तर भाव बरा येतो. पैसे स्वीकारण्यासाठी ओटीपी किंवा पिन मागणाऱ्याशी व्यवहार तिथेच थांबवा. दोन आठवडे कोणी विचारलं नाही तर किंमत उतरवा, तरीही गेली नाही तर देऊन टाका. फुगलेली बॅटरी असलेलं उपकरण मात्र विकू नका, कुरिअरनेही पाठवू नका. ती पेट घेऊ शकते. ते थेट ई-कचरा संकलन केंद्रात द्या.