सोसायटीच्या झेंडावंदनात राष्ट्रगीत नीट कसे म्हणावे

झेंडावंदन जवळ आले की सोसायटीच्या बैठकीत पाहुणे कोण, नाश्त्याला काय, खुर्च्या किती यांवर तासभर खल होतो. राष्ट्रगीत मात्र ‘ते सगळ्यांना येतेच’ म्हणून सोडून दिले जाते आणि घोटाळा हमखास तिथेच होतो.

शक्य असेल तर राष्ट्रगीत ध्वनिमुद्रित न लावता सर्वांनी मिळून गावे आणि सुरुवात करून देणारी व्यक्ती आधीच ठरवावी. आवाज गोड असण्यापेक्षा तिची पट्टी स्थिर असणे महत्त्वाचे आहे, कारण उत्साहाच्या भरात वरच्या पट्टीत सुरुवात केली की शेवटच्या ‘जय हे’ला निम्म्या लोकांचे आवाज फाटतात आणि उरलेले निमूटपणे ओठ हलवत राहतात. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. सरावात घड्याळ लावून पाहावे. सव्वा मिनिट लागत असेल तर लय रेंगाळते आहे. शब्दही एकदा अधिकृत पाठाशी ताडून घ्यावेत, कारण ‘उच्छल’चे ‘उज्ज्वल’ आणि ‘गाहे’चे ‘गाये’ करणारे बरेच जण असतात आणि मुले मोठ्यांचे ऐकूनच शिकतात.

ध्वनिमुद्रणच लावायचे असेल, तर ते आदल्या दिवशी उतरवून घ्यावे आणि ज्या मोबाइलवरून लावणार तो फ्लाइट मोडवर ठेवावा. ऐन ‘विंध्य हिमाचल’च्या वेळी स्पीकरवर कुणाचा तरी फोन खणखणणे ही शोभा टाळता येण्याजोगी आहे. ताल-ठेका बदललेल्या आवृत्त्या या प्रसंगी नकोत.

ध्वज फडकताच राष्ट्रगीत सुरू व्हावे. त्यासाठी दोरी ओढणारा आणि गाण्यास आरंभ करणारा यांनी एकमेकांना दिसेल असे उभे राहावे. सर्वांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान स्थितीत राहावे. उशिरा आलेल्याने फाटकातून आत धावत न येता आहे तिथेच थांबावे आणि छायाचित्रे आधी किंवा नंतर काढावीत. ज्येष्ठ, आजारी किंवा अपंग रहिवाशांना उभे राहणे शक्य नसेल, तर त्यांनी खुशाल बसून राहावे.

कायद्याचा धाक दाखवणारे एक-दोन सभासद प्रत्येक ठिकाणी असतात, म्हणून हेही माहीत असलेले बरे. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यानुसार, राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर प्रतिबंध करणे किंवा ते गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. केवळ न गाणे मात्र त्यात बसत नाही. केरळमधील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवली. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवण्याबाबतचा २०१६ चा सक्तीचा अंतरिम आदेशही याच न्यायालयाने २०१८ मध्ये ऐच्छिक केला, तरी ते वाजल्यावर उभे राहण्याची अपेक्षा कायम आहे. वार्तापट किंवा माहितीपटाचा भाग म्हणून राष्ट्रगीत आले, तर प्रेक्षकांनी उभे राहणे अपेक्षित नाही.

तेव्हा शेजारी गात नाही म्हणून राष्ट्रगीत चालू असतानाच त्याला डोळे वटारणे किंवा हाताने खुणावणे सोडून द्यावे. तसे करणारा स्वतःच सावधान स्थिती मोडत असतो. कुणाला काही सांगायचेच असेल, तर ते चहाच्या वेळी, एकट्याला गाठून सांगावे.